फाल्गुनातली मुंबई टिपताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेले फोटो सावकाश पाहिले. राणीची बाग, गेटवे, घारापुरी, सगळं एकाच रविवारात उरकलेलं दिसतं. तिथेच घोटाळा झाला. या तीन जागांना तीन वेगळ्या वेळांचा उजेड लागतो, आणि तू जवळपास सगळ्यांना भर दुपारचं ऊन दिलंस.

मुंबईतला वसंत चैत्राची वाट बघत नाही. काटेसावर जानेवारीअखेर फुलू लागते, मागोमाग पांगारा नि पळस, मग फेब्रुवारी-मार्चात विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाकडेचा गुलाबी टॅबेबुया. बहावा एप्रिल-मेचा, त्याच्या मागे आत्ता लागू नकोस. एकेका झाडाचा खरा भर आठ-दहा दिवसांचा असतो आणि तारीख दर वर्षी पुढेमागे सरकते. तेव्हा आधी झाड ठरव, मग जागा, मग वार. वाराचं लक्षात ठेव: राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद.

पळस आणि पांगाऱ्याचे तुझे फोटो लाल डागासारखे झालेत, पाकळीवरची शीर दिसत नाही. कॅमेऱ्याचा सरासरी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण आत लाल चॅनल केव्हाच फुटलेला असतो, लालातले बारकावे जळून गेलेले असतात. मेनूतून लाल-हिरव्या-निळ्याचे वेगळे हिस्टोग्राम चालू कर. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने खाली घे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट), लाल आलेख उजव्या भिंतीला टेकत असेल तर पूर्ण एक स्टॉप. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढ, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा मेळ) ५२०० केल्व्हिनवर बांधून टाक. ऑटोवर ठेवलास तर एकाच झाडाचे चार फोटो चार रंगांचे येतात.

टॅबेबुयाचं गणित उलटं. फिकट गुलाबी फूल पांढुरक्या आकाशावर धरलंस की कॅमेरा उजेडाला घाबरतो आणि फूल राखाडी येतं. तिथे अर्धा ते पाऊण स्टॉप वर जा, किंवा पाठीमागे एखादी गडद भिंत येईल असा उभा राहा. महामार्गावर उतरू नकोस, सर्व्हिस रोड पुरे. आणि लवकर जा. खाली पडलेला सडा झाडूवाले येईपर्यंतच असतो. जमिनीपासून वीतभर उंचीवरून, २४ ते ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ ८ वर (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) तो सडा आणि मागचा बुंधा दोन्ही बसतात.

राणीच्या बागेत उर्वशीच्या फुलझाडासाठी एक अख्खी सकाळ ठेव. तिचे घोस खाली लोंबतात, लाल पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि कोवळी पालवी तांबूस, ओल्या फडक्यासारखी लुळी. खालून वर बघत काढलंस तर मागे पांढरं आकाश येतं आणि घोस काळा पडतो. गुडघ्यावर बस, घोसाच्या पातळीला ये, मागे दुसऱ्या झाडाची सावली घे. ८५ ते १०० मिलिमीटर, एफ ५.६, शटर २५० च्या खाली, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा सावकाश नको, कारण लोंबता घोस झुळकीनेही हलतो. फ्लॅश मारू नकोस. एक कोरा पांढरा कागद घोसाखाली हातभर अंतरावर धरलास की पाकळीच्या आतली सावली उजळते. फांदी ओढून धरणं, फूल तोडून 'मांडणं', हे आपल्याकडे चालत नाही.

तिथूनच संग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीकडे जा. हा हत्ती मूळचा घारापुरीचा, तिचं 'एलिफंटा' हे नाव याच्यावरूनच पडलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायची खटपट झाली, त्यात यारी (क्रेन) तुटून तो फुटला, आणि पुढे तुकडे जोडून उभा केला गेला. समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. ऊन अंगावरून तिरपं घसरत असेल तेव्हा बाजूने काढ. सांधे उठून दिसतात, आणि तोच त्या हत्तीचा खरा फोटो आहे.

घारापुरीला सकाळची पहिली बोट धर. गेटवेचा समुद्राकडचा चेहरा सकाळच्या उन्हात असतो, पिवळसर बेसॉल्ट तेव्हाच खुलतो, आणि तो कोन फक्त पाण्यावरून मिळतो. शटर निदान ५०० ठेव. कोपर कठड्याला टेकू नकोस, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते.

लेण्यात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून हातानेच काढायची तयारी ठेव. सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत खोल आहे. उजेड उत्तरेच्या दारातून आणि पूर्व-पश्चिमेच्या चौकांतून येतो. खांबाजवळ उभा राहून खांदा टेकव, श्वास सोडता सोडता बटण दाब. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची जाण) १६०० ते ३२००, एफ ४, शटर ३० च्या आसपास, एका दमात तीन-चार. मूर्ती साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे, पण म्हणून वाइड लेन्स लावून जवळ जाऊ नकोस, मधल्या मुखाचे ओठ-नाक फुगतात. ५० मिलिमीटर लाव आणि मागे सर. बाहेरच्या झाडीतून परतणारा उजेड दगडावर हिरवट झाक आणतो, त्यासाठी पहिल्याच फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे नंतर रंग जुळवायला लागणारा राखाडी पुठ्ठा, धर. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा तिथेच उभा राहा, दोन्ही बाजूंच्या मुखांवरची सावली बदललेली दिसेल. परतीची शेवटची बोट उतरतानाच विचारून ठेव.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दर्शनी बाजू पश्चिमेला, तेव्हा दुपारी चारनंतर. कॅमेरा वर उचललास की मनोरे मागे कलंडतात. तो सपाट धर, लांब उभा राहा, खालचा जास्तीचा रस्ता घरी काप.

या दिवसांत सकाळी हवेत धुरकं असतं, समुद्राकडचं वारं सुटेपर्यंत निवळत नाही. तोवर दूरची दृश्यं सोड. जवळचं झाड घे आणि ऊन त्याच्या पाठीमागे ठेव, मग तेच धुरकं कामाला येतं.

पुढच्या वेळी पन्नास नकोत, एकाच झाडाचे सहा फोटो पाठव, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ लिहून.

तुझा शुभचिंतक

ता. क. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग वीस मिनिटं उघडू नकोस, लेन्सवर बाष्प धरतं. बोटीवरून आल्यावर लेन्स लगेच कापडाने पुसू नकोस. आधी हवा मारायचा ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग क्लीनरने जरा ओलं केलेलं कापड. मिठाचा कण कोरड्या कापडाखाली चरा पाडतो.