1968 च्या अँबॅसिडरचा व्हॉल्व्ह जळलाय. इंदुरात नवा मिळेल का, आणि बसवायचा कसा?

तुमची गाडी मार्क टू, इंजिन 1489 सीसी पेट्रोल, तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) नाही आणि मिस्त्री व्हॉल्व्ह जळाल्याचं सांगतोय. हेड (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) खोलायच्या आधी त्या सिलिंडरचे टॅपेट घट्ट तर नाहीत ना, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडा गॅप आहे ना, हे पाहा. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. टॅपेट ठीक असतील तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर दोष वर, हेडमध्ये. शेजारच्या सिलिंडरचाही आकडा पडला असेल तर आधी हेडखालच्या गॅस्केटवर संशय घ्या.

मिस्त्रीचं म्हणणं बहुधा खरं निघेल. या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना लागून आहेत आणि दोघांत एकच पोर्ट (व्हॉल्व्हमागची वाट). सगळ्यात जास्त तापतो तो हाच भाग. त्यात या हेडच्या सीटा (व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो त्या कडा) बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या, वेगळ्या बसवलेल्या नाहीत. शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा शिशाचा पातळ थर सीटला सांभाळायचा. 2000 सालापासून ते पेट्रोल बंद झालं. आता लांबच्या पल्ल्याला जोरात पळवलं की एक्झॉस्टची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून नुसता व्हॉल्व्ह बदलू नका. सीट आणि गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) तसेच ठेवले तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.

खरेदीला आधी छोटी ग्वालटोलीतली दुकानं पालथी घाला. तिथे नाही मिळाला तर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि कोलकात्याचं मल्लिक बाजार. जुना व्हॉल्व्ह आणि व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी) खिशात असू द्या. 'अँबॅसिडरचा द्या' एवढ्यावर घेऊ नका: डिझेल अँबॅसिडरचा आणि नव्वदीत आलेल्या इसुझू इंजिनाचा व्हॉल्व्ह वेगळा. डोक्याचा व्यास, दांडीचा व्यास (अंदाजे 8.7 मिमी), एकूण लांबी, 45 अंशांचा कोन आणि कॉटरची (स्प्रिंगचा कप दांडीवर अडकवणाऱ्या दुभागी खिळीची) खाच, हे पाचही जुळले पाहिजेत. खाच जुळत नसेल तर कॉटर धरत नाही आणि चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह खाली पडतो; मग पिस्टनही गेला. जुना साठा मिळाला तर दांडी काचेवर लोळवून पाहा, वाकलेली लगेच डुलते. चारही एक्झॉस्ट एकदम बदला. इनटेक (आत हवा-पेट्रोल घेणाऱ्या) व्हॉल्व्हच्या डोक्याची कड 0.8 मिमीपेक्षा जाड असेल आणि दांडी झिजलेली नसेल तर ते परत वापरता येतात.

खोलताना एक गोष्ट या इंजिनात फार महत्त्वाची. रॉकर शाफ्टच्या स्टँडचे चार नट हेच हेडचेही नट आहेत. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढा आणि हेडचे सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. नुसता रॉकर काढायला गेलात तर हेड एका बाजूने दबून वाकतं. पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणाऱ्या सळ्या) उचलताना जरा फिरवा, नाहीतर खालचा टॅपेट (इथे गॅप नव्हे, सळीखालचा ठोकळा) ऑइलने चिकटून वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून पुशरॉड क्रमाने खोचून ठेवा.

मग हेड मशीन शॉपला. नवा व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून थोडा उचला आणि हलवा. डोकं स्पष्ट हललं तर गाईड बदला. जुना गाईड ठोकून काढण्याआधी तो वर किती मिमी उभा आहे ते मोजून ठेवा, नवा तितकाच ठेवायचा. गाईड बदलल्यावर सीट पुन्हा कापावीच लागते, कारण मध्य हलतो. एक्झॉस्टच्या सीटा खोल गेल्या असतील तर कडक स्टीलच्या रिंगा बसवून घ्या. हा खर्च टाळू नका.

लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं) हलकंच करा. व्हॉल्व्हवर अखंड राखाडी रेघ उमटली की थांबा. गाईडमध्ये पेस्टचा कणही राहू देऊ नका. बसवताना स्प्रिंग दाबून, वरचा कप लावून झाल्यावर तेलात भिजवलेली नवी रबर रिंग दांडीवर चढवा, आणि शेवटी कॉटर. रिंग आधी चढवली तर कपाने कापली जाते आणि गाडी निळा धूर सोडते. सगळे व्हॉल्व्ह बसले की हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा. पाच मिनिटांत पोर्टमध्ये थेंब आला तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासा.

नट मधून कडेला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. टॅपेट त्यानंतरच: थंड इंजिनावर 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. नवाचा हिशेब (दोन्ही क्रमांकांची बेरीज नऊ) लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा असेल तेव्हा दुसरा. इंजिन एकदा गरम करून थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा आणि मग गॅप परत लावा, कारण नट आवळले की रॉकरही खाली येतो. 500 किलोमीटरनंतर चारही एक्झॉस्टचे गॅप मोजून वहीत लिहा. त्यानंतर कुठल्याही एकाचा गॅप पुन्हा पुन्हा कमी होऊ लागला, तर ती सीट खचतेय.