थारचे पुढचे बुश गेलेत, ४६ हजार घालू की नवीनच घेऊ?

भोरच्या एका वाचकाचा मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. २०१४ ची थार सीआरडीई (डिझेल इंजिनवाली), १ लाख ७० हजार किमी झालेत, पुढून खड्ड्यात खडखड वाजते, ब्रेक मारला की डावीकडे ओढते. शोरूमने ४६ हजाराचं एस्टिमेट दिलंय, ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो साडेचौदा हजारात नवीन बुश (सस्पेन्शनमधले रबरी तुकडे) दाबून बसवून देतो, एक्स्चेंजवाला गाडीचे ३ लाख ९० हजार देतोय. बायको म्हणते विकून टाका, यांच्या डोक्यात नवीन थार, १२ लाखाचं लोन काढून. पगार हातात ६८ हजार, एसआयपी ८ हजार, एफडी १ लाख ८० हजार, दुसरं कर्ज नाही. गाडी रोज ऑफिसला, शनिवार रविवार वेल्ह्याकडच्या शेतावर, आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर चिखलात.

दादा, "चार लाखाच्या गाडीला पन्नास हजार कशाला घालायचे" हे आधी डोक्यातून काढा. सगळे हेच म्हणतात आणि हिशोब तिथंच फसतो. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी नाही लावायचा, दुरुस्ती न करता जे करणार आहात त्याच्या महिन्याच्या खर्चाशी लावायचा. १२ लाख, ७ वर्षं, साडेनऊ टक्के धरा, हप्ता येतो साधारण १९,६०० आणि असे ८४ भरायचे, नुसतं व्याजच साडेचार लाखाच्या जवळ जातं, म्हणजे आज तुमची थार विकून जे येतंय त्यापेक्षा जास्त तर तुम्ही बँकेला व्याज म्हणून देणार. शोरूमचं महागातलं बिल धरलं तरी ते अडीच हप्त्यांच्या आत आहे. आणि नवीन गाडीचा इन्शुरन्स जास्त बसतो तो वेगळाच.

तर दुरुस्ती करायची. प्रश्न फक्त कुठली आणि किती.

बुश म्हणजे काय, आत एक लोखंडी नळी, बाहेर एक, मधे रबर चिकटवलेलं. चाक वर खाली झालं की आर्म, म्हणजे चाकाला चेसीशी जोडणारा लोखंडी हात, हलतो तेव्हा ते रबर पिळलं जातं आणि धक्का खाऊन घेतं. दहा बारा वर्षांत ते तडकतं, ऑइल लागलं असेल तर फुगून मऊ पडतं, मग आर्म जिथे राहायला पाहिजे तिथे राहत नाही. ब्रेकला ओढणं, स्टिअरिंग भटकणं, टायर एका बाजूने खाणं हे सगळं त्यातूनच येऊ शकतं. तुम्हीच लिहिलंय की गेल्या दिवाळीत पुढचे दोन टायर १५ हजाराला टाकले आणि आत्ताच आतून झिजलेत. मग काहीच न करणं फुकट नाहीये ना, साडेचौदा हजार वाचवायला जाल आणि तेवढेच टायरमधे जातील.

आता दोन्ही एस्टिमेट बघू. शोरूमवाले अख्खे आर्म बदलतात, त्यात बुश दाबलेले येतात, काम पटकन होतं, बिलावर वॉरंटी मिळते, त्यात फसवणूक आहे असं अजिबात नाही. पण आर्म वाकलेला नसेल, गंजून खाल्लेला नसेल तर तो टाकून द्यायचं कारण नाही. गॅरेजवाल्याच्या साडेचौदा हजारात मात्र खालच्या आर्मचे बुश सोडून काही दिसत नाही, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) नाही, वरच्या आर्मचे बुश नाहीत, स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा जोड) नाही, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) पण नाही. तीन महिन्यांनी बॉल जॉइंटसाठी तोच आर्म परत खोलायचा, परत मजुरी, परत अलाइनमेंट. स्वस्तातलं काम असंच महाग पडतं. आणि बॉल जॉइंटमधे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर ते आधी, या आठवड्यात, कारण बुश थोडे दिवस ढकलता येतात पण बॉल जॉइंट निसटला तर चाकच मुडपतं, घाटात काय होईल वेगळं सांगायला नको.

मी मधला रस्ता घेईन. आर्म तेच ठेवायचे, बुश आणि बॉल जॉइंट ओरिजिनल, स्टॅबिलायझर लिंकचे रबर सोबतच, सगळं एका बैठकीत, हायड्रॉलिक प्रेस असलेल्या गॅरेजमधे. माझ्या अंदाजाने २५ ते ३० हजारात बसावं, पण एस्टिमेट पार्टनुसार लेखी घ्या. बॉल जॉइंट आर्मपासून सुटा होणारा नसेल तर त्या बाजूचा आर्म घ्यावाच लागेल, तिथे घासाघीस करू नका. घण मारून किंवा गॅसने तापवून बुश काढणाऱ्याकडे गाडी सोडू नका. आणि मेकॅनिकला एक विचारा, आर्मचे बोल्ट फायनल टाइट कधी करणार? गाडी चाकांवर उभी असताना, हे उत्तर पाहिजे. चाकं लटकत असताना टाइट केले की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं, मग तुम्ही म्हणणार पार्ट डुप्लिकेट होता. तुमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, तो काढायच्या आधी खुणा करून घ्यायला लावा, नाहीतर पुढची उंची बदलते आणि अलाइनमेंटचा घोळ होतो.

रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (प्लास्टिकसारखे) बुश टाकू का विचारलंत. रोज ऑफिसला नेताय, नको. टिकतात खरे, पण कडक असतात, धक्के केबिनमधे येतात, ग्रीस सुकलं की चुंईचुंई करतात. आणि बुशच्या निमित्ताने लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर असली यादी मित्रांनी दिली असेल तर ती छंदाच्या बजेटमधे, या ३० हजारात ती घुसवायची नाही.

कुणीतरी सांगितलंय ना की दगडाला आपटली म्हणून क्लेम टाका. नका. झीज पॉलिसीत बसत नाही, खोटं कारण दाखवणं ही सरळ फसवणूक आहे, वर रबरी पार्टवर साध्या पॉलिसीत ५० टक्के डेप्रिसिएशन (घसारा) कापतात आणि इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो. सगळ्याच बाजूने तोटा.

पैसे कुठून? एफडी मोडून ३० हजार घ्या, चालेल, इमर्जन्सी फंड अशाच कामाला असतो, एसआयपी थांबवू नका आणि क्रेडिट कार्डवर थकबाकी तर बिलकुल ठेवू नका, तिथे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं. नंतर गाडीच्या नावाने महिन्याला अडीच हजाराची आरडी लावा, वर्षभरात ३० हजार जमतात, पुढच्या क्लचला किंवा लीफ स्प्रिंगला ओरडायची वेळ येणार नाही.

माझं मत कधी बदलेल? गाडी लिफ्टवर असताना चेसी बघा, विशेषतः आर्मच्या माउंटिंगजवळ. तिथे गंजून पापुद्रे निघत असतील किंवा वेल्डिंगचे जोड असतील तर बुश घालू नका, विकायचा विचार करा, आणि घेणाऱ्याला काय झालंय ते सांगून विका. दुसरं, डिझेल, ऑइल, टायर सोडून दुरुस्तीचं बिल वर्षाला ६० हजाराच्या वर जायला लागलं तर. आणि तिसरं, २०२९ ला १५ वर्षं पूर्ण होतात, तेव्हा फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करावी लागते, त्या आधी परत बसून हिशोब करा.

राहिलं वहिनींचं म्हणणं. गाडी विकून टाका, यात मला दम वाटतो, पण दुरुस्तीच्या खर्चामुळे नाही. तुमच्या थारला एअरबॅग नाहीत, मागे आडवे बाक, त्यावर मुलं बसणार. ते ना ३० हजाराने सुधारणार ना ४६ हजाराने. मुलं रोज शाळेला त्याच गाडीतून जात असतील तर १२ लाखाच्या नवीन थारपेक्षा एअरबॅगवाली चांगली सेकंडहँड हॅचबॅक घरच्यांसाठी आणि जुनी थार शेतावर, हा हिशोब मी आधी करीन. मुलं आठवड्यातून किती दिवस थारमधे बसतात आणि एकूण किती किमी, तेवढं कळवा, म्हणजे हॅचबॅकचं बजेट काढून देतो.