वाचक विचारतात : लिंबूटिंबू संघाच्या बाजूने

प्रश्न : कुठलीही मॅच लावली की पाच मिनिटांत मी दुबळ्या संघाच्या बाजूचा होतो. आता मनापासून धरावा असा एकच क्लब हवा आहे. मित्र म्हणतात, लेस्टर घे. खरा लहान क्लब ओळखायचा कसा?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाव ऐकून नको, क्लबची तिजोरी बघून ठरवा. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, त्याला तोड नाही. हंगामाआधी सट्टेबाजांचा भाव ५००० ला १ होता आणि शेवटी ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. पण क्लबमागे थायलंडच्या ड्यूटी-फ्री व्यवसायातला मोठा पैसा होता. २०२३-२४ मध्ये स्पेनच्या ला लिगात तिसऱ्या आलेल्या जिरोनाचेही तसेच. त्यात मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाचा मोठा वाटा आहे. चाहते व्हायला हरकत काहीच नाही, फक्त हे माहीत असू द्या.

अस्सल उदाहरण हवे तर एइबार पाहा. बास्क डोंगरातले जेमतेम २७ हजार वस्तीचे गाव, म्हणजे आपल्या येवल्यापेक्षाही लहान. पूर्वी बंदुका बनवणारे, मग शिलाई मशीन आणि सायकलींकडे वळलेले हे कारखान्यांचे गाव सातपूर-अंबडच्या माणसाला चटकन कळेल. २०१४ मध्ये हा क्लब पहिल्यांदा ला लिगात चढला. डोक्यावर कर्ज नव्हते, तरी नियमाप्रमाणे भागभांडवल कमी पडत होते. तेव्हा ५० युरोचा एक असे शेअर जगभरातल्या लोकांना विकून सुमारे १७ लाख युरो उभे केले. पुढे सलग सात हंगाम ते वरच्या लीगमध्ये टिकले.

क्लब निवडताना मालक कोण, मैदानात माणसे किती मावतात आणि गेल्या दहा वर्षांत क्लब किती वेळा खालच्या लीगमध्ये उतरला, एवढे तपासा. आमचा कल दुसऱ्या श्रेणीच्या क्लबकडे. इंग्लंडच्या चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ आणि प्रत्येकाच्या ४६ मॅच असतात, त्यामुळे वर चढायची आशा आणि खाली जायची धास्ती दोन्ही मार्च-एप्रिलपर्यंत जागी राहतात. आणि निवडल्यावर किमान एक हंगाम सोडू नका.

प्रश्न : लहान संघ दहाही जण मागे उभे करतो आणि मॅच रटाळ होते, असे घरचे म्हणतात. अशा मॅचमध्ये बघायचे काय?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : चेंडू सोडून माणसे बघा. चार बचावपटूंची एक रांग, तिच्या पुढे मधल्या फळीतल्या चौघांची दुसरी. या दोन रांगांमध्ये साधारण दहा-बारा मीटर अंतर असेल तर मांडणी घट्ट आहे. मधला भाग बंद ठेवायचा आणि कडा मुद्दाम मोकळ्या सोडायच्या, असा हिशेब असतो. मोठ्या संघाने कडेवरून क्रॉस, म्हणजे गोलसमोर चेंडू, टाकला तर गोलपुढच्या पेटीत आपली पाच-सहा डोकी आधीच उभी असतात.

हे कोसळते कुठे, ते ओळखता आले की नव्वद मिनिटे खुर्चीच्या टोकावर बसाल. मोठा संघ चेंडू डावीकडून उजवीकडे वेगाने फिरवतो तेव्हा दोन्ही रांगांना तेवढेच सरकावे लागते. साधारण ६५व्या मिनिटानंतर पाय जड होतात. विंगर (कडेने पुढे खेळणारा) परतायला दोन पावले उशीर करतो, फुलबॅक (कडेचा बचावपटू) दोघांसमोर एकटा पडतो आणि गोल बहुतेक तिथूनच येतो. म्हणून त्या वेळी चेंडू कुठेही असो, तुमच्या विंगरवर नजर ठेवा. तो कमरेवर हात ठेवून उभा दिसला तर प्रशिक्षकाने बदली करायला उशीर केला, असे खुशाल समजा.

दुसरा धोका पुढच्या टोकाला. बचावपटूने चेंडू लांब मारला आणि पुढे तो छातीवर घेऊन धरून ठेवणारा कोणी नसेल, तर आठ-दहा सेकंदांत तोच चेंडू परत अंगावर येतो. लहान संघाचा स्ट्रायकर गोल करत नाही म्हणून लोक नावे ठेवतात. पण पाठीवर बचावपटू घेऊन त्याने फाउल मिळवला, की मागच्या दहा जणांना अर्धा मिनिट श्वास मिळतो. आमच्या लेखी त्या फाउलची किंमत फार मोठी आहे. तिसरी चूक घाबरण्याची. आघाडी मिळाल्यावर संघ आपल्याच पेटीत शिरतो, बाहेरून फटके बसू लागतात आणि एखादा कुणाच्या तरी पायाला लागून आत जातो.

आणि गोल कसा करायचा? थांबलेल्या चेंडूवर. ग्रीसने २००४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला तेव्हा बाद फेरीतल्या फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम फेरीतल्या पोर्तुगालविरुद्धच्या तिन्ही मॅच १-० अशा, तिन्ही गोल हेडरवर, त्यातले शेवटचे दोन कॉर्नरवरून. २०१६ च्या युरोत आइसलँडने इंग्लंडला २-१ हरवताना पहिला गोल लांब थ्रो-इनवरून केला. गुन्नारसनने फेकले, जवळच्या खांबापाशी एकाने डोक्याने पुढे ढकलले, सिगुर्डसनने आत घातले.

उलटा मार्गही आहे, पण तो जास्त जोखमीचा. २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाने बचावफळी जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे आणली. अर्जेंटिना दहा वेळा ऑफसाइड, म्हणजे पास येताना बचावफळीच्या पुढे, सापडले, पहिल्या डावातच त्यांचे तीन गोल रद्द झाले आणि सौदी २-१ ने जिंकले. चौघांपैकी एकाचे पाऊल मागे राहिले असते तर सगळाच डाव फसला असता.

फुटबॉलमध्ये हे जमते याचे कारण साधे आहे. एका मॅचमध्ये सरासरी तीनच्या आतबाहेर गोल होतात. एवढ्या कमी गोलांत एक कॉर्नरसुद्धा निकाल फिरवतो. पन्नास षटकांच्या सामन्यात दुबळ्याला तीनशे वेळा परीक्षा द्यावी लागते.

प्रश्न : अलार्म लावूनही मॅच चुकते. वेळांचा घोळ कसा सोडवायचा?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. घोळ तिथेच. इंग्लंडमधली शनिवारी दुपारी ३ ची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ८.३० ला, उन्हाळ्यात ७.३० ला. जर्मनीतली साडेतीनची हिवाळ्यात ८ ला, उन्हाळ्यात ७ ला. चॅम्पियन्स लीगची जर्मन घड्याळाने रात्री ९ ची मॅच हिवाळ्यात आपल्या दीड वाजता येते आणि तोवर तारीख बदललेली असते. मंगळवारच्या मॅचचा अलार्म बुधवारचा लावायचा, इथे हमखास चूक होते.

मोबाइलवर बघत असाल तर गोलच्या सूचना बंद ठेवा. प्रक्षेपण अर्धा मिनिटसुद्धा मागे असू शकते आणि गोल होण्याआधीच फोन वाजतो.

प्रश्न : माझा संघ जानेवारीत वीसपैकी सतरावा आहे. काळजी कधी करायची?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : क्रमांकापेक्षा गुणांना मॅचने भागा. ३८ मॅचच्या लीगमध्ये मॅचमागे एक गुण पडत असेल तर बहुतेक वेळा संघ वाचतो. ४० गुण लागतात असे जुने लोक म्हणतात, पण ती काही हमी नाही. इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ गुण घेऊनही खाली गेले. उलट २०२३-२४ मध्ये चार गुण कापले गेलेले नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ वर वाचले, कारण खाली जाणाऱ्या शेवटच्या तिघांतल्या अठराव्या लुटनचे २६ च होते. मग वेळापत्रकात तळाच्या संघांशी घरच्या मैदानावर किती मॅच उरल्या ते मोजा. त्यात तुम्ही तीन मिळवता आणि शेजारी तीन गमावतो. गोलफरकही विसरू नका, ०-५ हरणे आणि ०-१ हरणे मे महिन्यात सारखे नसते.

प्रश्न : आपल्या देशात असे कधी घडले आहे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : घडले आहे, आणि ते लेस्टरइतक्याच अभिमानाने सांगायला हवे. मिझोरामचा आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर त्याला परत घेतले गेले आणि पुढच्याच हंगामात तो विजेता झाला. ३७ गुण, मोहन बागानपेक्षा एकाने जास्त. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. संघ आधी पिछाडीवर पडला, मग १-१ केले. प्रशिक्षक होते खालिद जमील. त्याआधी त्यांनी मुंबई एफसीला तुटपुंज्या साधनांवर बरीच वर्षे वरच्या लीगमध्ये टिकवले होते आणि २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

मात्र जिंकल्यानंतर खेळाडू जातात, याची तयारी ठेवा. जमील ईस्ट बंगालला गेले, बरेच खेळाडूही पांगले. लेस्टरचा मधल्या फळीतला कान्टे २०१६ च्या विजयानंतर त्याच उन्हाळ्यात चेल्सीत गेला आणि विजेते पुढच्या हंगामात बाराव्या क्रमांकावर आले. म्हणून जर्सी घ्यायचीच असेल तर पाठीवर खेळाडूचे नाव न छापता घ्या.