हाय-लेव्हल आणि लो-लेव्हल प्रोग्रॅमिंग भाषेत नेमका फरक काय?

घरात "दोन कप चहा टाक" म्हटलं की भागतं, तसं पायथन या हाय-लेव्हल भाषेचं. असेंब्ली या लो-लेव्हल भाषेत पातेलं कुठलं, पाणी किती, गॅस कधी बंद करायचा, सगळं सांगा. एक पायरी विसरलात की चहा उतू गेलाच.

पायथनमध्ये 'क = अ + ब' ही एकच ओळ. एक्स८६ (इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरांच्या) असेंब्लीत साधारण तीन: अ रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या जागेत, आणा (मूव्ह), त्यात ब मिळवा (ॲड), उत्तर मेमरीत ठेवा (पुन्हा मूव्ह). खरी गोम पुढे आहे. ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये चिन्हासह (अधिक-उणे धरून) मावणारा सर्वांत मोठा आकडा २१४७४८३६४७; त्यात १ मिळवला, तर चिन्हासह वाचताना उत्तर −२१४७४८३६४८ दिसतं! ओव्हरफ्लो फ्लॅग (आकडा मावला नाही, ही खूण) लागतो, पण तो तपासायचा तुम्हीच. पायथन मात्र लागेल तेवढी जागा वाढवून घेतं. त्याची किंमत वेगात मोजावी लागते.

सी ही भाषा या दोघांच्या मधली: मॅलॉकने (मेमरी मागून घेणारं फंक्शन) घेतलेली मेमरी फ्री करायला (परत द्यायला) विसरलात, तर गळती सुरू, म्हणजे ती जागा अडकून पडते.