आतड्यातला पॉलिप दुर्बिणीतून

प्रश्न: आईच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात १२ मिलिमीटरचा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) आहे. दुर्बिणीतून निघेल का?

उत्तर: बहुधा निघेल. पॉलिपखाली सुईने सलाइन टोचून तो वर उचलतात आणि तारेच्या फासाने कापतात. पित्तनलिकेच्या तोंडाशी असेल तर मात्र पद्धत वेगळी. खरी काळजी नंतरची. आतड्याच्या या भागाची भिंत पातळ. शिवाय पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जखमेवरून सतत वाहतो, त्यामुळे काही दिवसांनीही रक्तस्राव होऊ शकतो किंवा छिद्र पडू शकते. जखम क्लिपांनी बंद करणार का, हे आधीच विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. परस्पर बंद करू नका. घरी आल्यावर डांबरासारखी काळी शौच, पोटात तीव्र कळ किंवा ताप आला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. असे पॉलिप मोठ्या आतड्यातही असू शकतात, म्हणून त्याची दुर्बिणीने तपासणी राहिली असेल, तर तीही करून घ्या.