तुझी सकाळ नेमकी कधी होते?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सिस्टर, दिवसा एकट्यानं दारू घेणं म्हणजे काही प्रॉब्लेम असतो का हो?" मी तोंड उघडायच्या आत "जाऊ द्या, सहज विचारलं" म्हणालास आणि वॉर्डातल्या गोष्टी काढल्यास. नाइटनंतर झोपेसाठी दोनच घेतो, आपली संध्याकाळ सकाळीच होते, असंही मधे बोलून गेलास. मीही तेव्हा तुला अडवलं नाही. रात्री मात्र झोप लागेना. मला फोनवर असलं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तू शिकाऊ होतास, पेशंटची शीर सापडेना म्हणून तुझे हात थरथरत होते, आणि मी मागं उभी राहून "घाई नको, बोटाला लागते ती" म्हणत होते. त्या हक्कानं लिहिते. रागावून लिहीत नाही, एवढं आधी सांगते.

तुझं म्हणणं मला पटतं. नाइट ड्यूटी सकाळी आठला सुटते, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन खोलीवर पोचायला साडेआठ-पावणेनऊ होतात. दिवसभर राबून माणूस संध्याकाळी दोन घोट घेतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. तुझी संध्याकाळ सकाळी होते, एवढाच फरक. सोलापुरात हे काही नवीन नाही. माझे वडील मिलमध्ये तिसऱ्या पाळीला होते. आई पहाटेच विडीचं सूप मांडीवर घेऊन बसायची, भोंगा झाला की चहाचं आधण ठेवायची. वडील कधी सरळ घरी यायचे, कधी पाळीतल्या लोकांबरोबर गुत्त्यावर थांबून. ऊन वर आलेलं असायचं. त्या घोळक्यातले काही जण आयुष्यभर तेवढ्यावरच राहिले, नातवंडं खेळवून गेले. काही त्यातच संपले. घड्याळ दोघांचं एकच होतं.

म्हणून दिवस की रात्र, यावरून मी काही ठरवणार नाही. डॉक्टरही ठरवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, तुला अभ्यासक्रमात होती. किती वेळा, किती, सुरू केल्यावर थांबता येतं का, दारूपायी करायचं काम राहून गेलं का, नंतर मन खातं का, कुणी काळजीनं "कमी कर" म्हणालं का, असं विचारलंय. दुपारी घेता का, एकटे घेता का, असा प्रश्नच त्यात नाही. सकाळचा उल्लेख फक्त एकदा येतो: आदल्या वेळी जास्त झाल्यावर सकाळी अंग चालू व्हावं म्हणून घ्यावी लागते का?

बाळा, या प्रश्नापाशी थांब. त्यातली सकाळ घड्याळाची नाही, झोपून उठल्यानंतरची आहे. तुझी सकाळ साडेआठला होत नाही. ती दुपारी चार-साडेचारला होते, तू डोळे चोळत उठतोस तेव्हा. ड्यूटीवरून आल्यावर काय घेतोस यापेक्षा मला त्या साडेचारची काळजी आहे. उठल्यावर हात थरथरतात का? मळमळतं का? घाम येतो, चिडचिड होते, आणि थोडीशी घेतली की सगळं जागेवर येतं, असं होतं का? नसेल तर फार बरं. एकदाही झालं असेल तर या पत्राचा पुढचा भाग दोनदा वाच.

तू "दोनच घेतो" म्हणालास. दोन म्हणजे किती? बारमध्ये निदान माप असतं, खोलीवर स्टीलच्या पेल्यात ओतली की डोळ्याला वाटेल तेवढी. वॉर्डात औषधाचं 30 मिलीचं माप असतं ना, ते डोळ्यासमोर आण. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्या एका मापात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टरमध्ये अशी सहा मापं, 60 ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे चार मापं. बिअर आहे म्हणून ती हलकी होत नाही. यकृत ताशी 7 ते 10 ग्रॅम काढून टाकतं, त्यापेक्षा घाई ते करत नाही. सकाळी नऊला क्वार्टर संपवलीस तर ती अंगातून जायला सहा-आठ तास. म्हणजे तुझी अख्खी झोप.

आणि झोपेसाठीच घेतो म्हणतोस. झोप लागते लवकर, खरं आहे. पण दारू उतरायला लागली की झोप मोडायला लागते. लघवीला उठवते, तोंड कोरडं पडतं, स्वप्नांची झोप आधीच कापलेली असते. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, बाहेर 43-44 अंश, पत्र्याची खोली. अंगातलं पाणी आधीच घामानं चाललेलं, त्यात हिनं आणखी काढलं. उठल्यावर डोकं जड, मग उद्या जास्त थकवा, म्हणून उद्या जास्त गरज. हे चक्र आहे. झोपेचा त्रास खरा आहे, त्याला मी खोटं म्हणत नाही, पण त्यावरचं औषध हे नाही.

आता एकट्याचं. एकटं घेतली म्हणून कुणी व्यसनी होत नाही. कुणी माणूस जेवणाआधी एकटाच एक घेतो आणि बाटली महिनाभर पुरते, तो वेगळा. पण तरुण वयात एकट्यानं घेणाऱ्यांना पुढं त्रास व्हायची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांत दिसलंय, आणि मला त्याचं कारणही समजतं. चार जणांत माणूस गप्पांसाठी घेतो. एकटा बहुतेकदा कशावर तरी घेतो. दुखतंय त्यावर, भीती वाटते त्यावर, रात्री बेडवरच दगावलेल्या पेशंटचा चेहरा जात नाही त्यावर. मग ती दारू राहत नाही, डोस होते. आणि डोस म्हटला की तुला माहीत आहे, काही दिवसांनी तेवढ्यानं भागत नाही. "मला चढतच नाही" हे मुलं मोठेपणानं सांगतात. अंगाला सवय झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या ह्यांची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. कारखाना बंद पडला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे. मी ड्यूटीवर, मुलं शाळेत, हे घरी. एका मे महिन्यात, नळाला पाणी आलं होतं म्हणून मी कूलरची टाकी भरत होते. आपल्याकडं तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्यामुळं टाकी धुऊन घ्यावी म्हणून हात आत घातला. वाळ्याच्या ताटीमागं, पंपाच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली हाताला लागली. गार होती. अर्धी संपलेली. पिशवीच्या तोंडाला रबर लावलेला होता, दोन वेढे देऊन, नीट. तो रबर अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. हे मागावर गाठ मारायचे तशी निगुतीनं केलेली ती व्यवस्था होती.

मी काय केलं असेल सांग? पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात काम करणारी मी. ती बाटली पुसली आणि परत तिथंच ठेवली.

हे मारहाण करत नव्हते, रस्त्यात पडत नव्हते, पोरांना शाळेतून आणायचे, भाजी आणायचे. दारुडा म्हणजे कसा असतो याचं माझ्या डोक्यातलं चित्र वेगळं होतं, आणि हे त्यात बसत नव्हते. दोन वर्षं गेली त्यात. नंतर एकदा मी विचारलं तर म्हणाले, "दुपारची झोप लागत नाही गं, उकडतं." तुझा फोन ठेवल्यावर मला हेच वाक्य आठवलं.

म्हणून लपवणं कुठं सुरू झालंय ते बघ. खोलीतला पार्टनर येणार म्हणून बाटली हलवतोस का? एकाच दुकानात रोज नको म्हणून सात रस्ता चौकातून एक दिवस, दुसऱ्या पेठेतून दुसऱ्या दिवशी, असं करतोस का? आईचा फोन त्या वेळात उचलत नाहीस का? माझ्या लेखी हे प्रश्न एकटेपणापेक्षा मोठे आहेत.

तू म्हणशील, एकही ड्यूटी चुकली नाही, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आलेत. चांगलं आहे, पण त्यावर विसंबू नको. यकृत फार उशिरा कुरकुरतं. हे सांगायचे, साध्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. उभा तुटला तर थांबत नाही, खडखडत चालूच राहतो, आणि चादरीत बारीक रेघ पडत जाते. कामगाराचं लक्ष नसेल तर मीटरच्या मीटर. तुझी ड्यूटी चालू आहे म्हणून धागा शाबूत आहे, असं नाही.

आणि ऑर्थो वॉर्डातला तो मागवाला तुला आठवत असेल, तू नवीनच होतास. पाय मोडून आलेला, शांत माणूस. भरती करताना घरच्यांनी "घेतात कधीमधी" सांगितलं आणि आपणही केसपेपरवर तेवढंच लिहिलं. तिसऱ्या रात्री अंग तापलं, घामानं चादर भिजली, आणि त्याचे हात हवेत चालायला लागले. अंगठा आणि बोट जुळवून तो न दिसणारा तुटका धागा ओढायचा, पीळ द्यायचा, गाठ मारायचा, पुन्हा दुसरा शोधायचा. "मागाचा बीम संपत आला, मालकाला सांगा" म्हणत होता. तू घाबरून माझ्याकडं धावत आलास. लोराझेपाम दिलं, थायमिन दिलं, वाचला. चार दिवसांनी त्यानं माझ्याकडं चहा मागितला, त्याला काहीही आठवत नव्हतं. रोजची सवय असलेल्या अंगाची दारू एकदम बंद झाली की हे होतं. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम. जीवही जातो.

हे मुद्दाम सांगते, कारण पत्र वाचून तू एखादे वेळी "आजपासून बंद" म्हणशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. रोज घेत असशील आणि उठल्यावर हात थरथरत असतील, तर एकट्यानं खोलीत बंद करू नको. डॉक्टरकडं जायचं, ते सांगतील तसं सोडायचं. वॉर्डातली गोळी खिशात टाकून स्वतःच स्वतःचा डॉक्टर तर मुळीच व्हायचं नाही. आपल्या लोकांचा तोच मोह असतो, हाताशी सगळं असतं ना.

तसं काही नसेल तर आधी पंधरा दिवस एक काम कर. पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट ठेवतोस तसा स्वतःचा ठेव. किती वाजता, किती मिली मोजून, आणि पहिला घोट घ्यायच्या आधी, कशासाठी. नंतर लिहिलं तर कारण बदलतं. खोटं लिहू नको, तो चार्ट कुणाला ओव्हर द्यायचा नाही. मग सलग दोन ऑफ आले की न घेता राहून बघ. राहता आलं, झोप नुसती थोडी बिघडली, तर सवय आहे, मोडता येईल. दिवसभर त्याशिवाय दुसरं काही सुचलंच नाही, तर मग मदत घ्यायची.

आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत बसायला तुला लाज वाटेल. साहजिक आहे, केसपेपर काढणारा मामाही ओळखीचा. म्हणून दुसरे रस्ते सांगते. मानसिक आरोग्याच्या सरकारी टेलिमानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा सरकारी 14446, दोन्ही फुकट. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडलीस तर दिवसाउजेडी पोचशील. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्यांच्या मीटिंगमध्ये पूर्ण नाव सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. देशात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांमागं एकालाच काही ना काही उपचार मिळालेला दिसला. बाकीचे 37 मला माहीत आहेत, आयुष्यभर मी त्यांनाच सलाईन लावल्या.

आमचे हे पुण्याला उपचार घेऊन आले. सहा महिन्यांत पुन्हा घेतली. पुन्हा गेले. त्यानंतर अकरा वर्षं थेंब घेतला नाही, आणि गेले ते हृदयविकारानं, पूर्ण शुद्धीत, माझा हात धरून. दुसऱ्यांदा जाताना त्यांना पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटत होती, आणि तेव्हाच गुण आला. म्हणून एकदा मोडलं तर संपलं, असं धरून बसू नको.

तुझी नाइट किती तारखेपर्यंत आहे ते कळव. सुटलास की खोलीवर न जाता सरळ इकडं ये. मी तुला काही विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर ऐकेन. कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी परवाच कुटली आहे, ताक करते. खा आणि पुढच्या खोलीत झोप. उद्या पाणी येणार आहे, कूलरची टाकी भरून ठेवते.

तुझी,
सिस्टर