टर्मिनलमध्ये चालते, एडिटरमध्ये अडते

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील फाइल इमॅक्स या एडिटरमध्ये उघडून तिथूनच कमांड दिली की ‘कमांड नॉट फाउंड’ येते. टर्मिनलमधून लॉगिन केल्यावर तीच कमांड चालते. प्रोग्राम माझ्या होम डिरेक्टरीतील ‘बिन’मध्ये आहे. आठवडा गेला. एवढेही जमत नसेल, तर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनचा नाद सोडून बँकेच्या परीक्षा द्याव्यात का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : माग थांबला की तुमचे वडील आधी धागा तुटला की पट्टा सुटला हे पाहतात, माग विकायला काढत नाहीत.

इमॅक्समध्ये प्रत्येक बफरची (उघडलेली फाइल जिथे दिसते त्या जागेची) स्वतःची चालू डिरेक्टरी असते, आणि फाइल ट्रॅम्प या इमॅक्समधल्याच सोयीमार्फत दूरच्या सर्व्हरवरून उघडलेली असेल, तर त्या बफरमधून दिलेली शेल कमांड लॅपटॉपवर नव्हे, त्या सर्व्हरवरच चालते. मात्र तिथे प्रोग्राम कोठे शोधायचे याची यादी ट्रॅम्प स्वतः ठरवतो. लॉगिननंतर तयार होणारा तुमचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टरींची तुमची यादी, तीत आपोआप येत नाही. गोम इथेच असावी. इमॅक्सच्या ‘ट्रॅम्प-रिमोट-पाथ’ या सेटिंगमध्ये ‘ट्रॅम्प-ओन-रिमोट-पाथ’ जोडा, जुने कनेक्शन साफ करा आणि फाइल पुन्हा उघडा. पाथ सर्व्हरवरील केवळ ‘बॅशआरसी’ या शेलच्या फाइलीत लिहिला असेल, तर तो लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या ‘प्रोफाइल’ फाइलीतही लिहा. (विम या दुसऱ्या एडिटरमध्ये एससीपीने, म्हणजे सर्व्हरवरून उतरवून, उघडलेल्या फाइलमधून उद्गारचिन्हाने दिलेली कमांड तुमच्याच यंत्रावर चालते, तिथे फसगत नेमकी उलटी होते.)

यापुढे कमांड अडली की त्याच बफरमधून आधी ‘होस्टनेम’ (कोणते यंत्र), मग ‘पीडब्ल्यूडी’ (कोणती डिरेक्टरी) चालवा आणि शेवटी पाथ छापून पाहा. कमांड संपताना मिळणारा आकडा, म्हणजे एक्झिट कोड, 127 असेल तर प्रोग्राम सापडलेला नाही, 126 असेल तर सापडूनही चालवता आलेला नाही. या दोहोंतला फरक न पाहता केलेली शोधाशोध बहुधा वाया जाते.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचा बराचसा दिवस अशाच प्रश्नांत जातो, त्यामुळे तुमचा आठवडा मी अपयशात धरत नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीची सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरसाठीची आरएचसीएसए परीक्षाही पाठांतराची नसून प्रत्यक्ष यंत्रावर कामे करून द्यायची असते. सुट्टीत तिची तयारी करा. बँकेकडेच ओढा असेल, तर बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत आयटी अधिकाऱ्याचे पद असते आणि संगणक अभियांत्रिकीची पदवी त्यासाठी चालते.